मोरूचं ऊन

माझ्या धाकट्या भावाला, मोरूला, दात फार उशिरा आले. आले तेही मोजकेच, आणि खिळ्यांसारखे टोकदार. डोक्यावर कणसाच्या तुऱ्यासारखे विरळ पिवळट केस, भुवया असून नसल्यासारख्या, आणि कातडी इतकी कोरडी नि गुळगुळीत की दुपारी त्याच्या पाठीला हात लावला तर अंगणात राहिलेल्या पितळी भांड्याला लावल्यासारखा चटका बसायचा. गावातली पोरं त्याला ‘सोललेला’ म्हणायची. पाहुण्या बायका त्याला बघून पदर तोंडाला लावायच्या आणि आयला उगाच गोड बोलायच्या. आय कुणाला काही उत्तर देत नसे. ती त्याला मांडीवर ओढून घ्यायची आणि ओलं फडकं त्याच्या डोक्यावरून, मानेवरून, छातीवरून फिरवत राहायची. माझ्या लहानपणीचा सगळ्यात जुना आवाज कुठला म्हणाल, तर ते फडकं बादलीत पिळल्याचा.

आमचं घर पेणच्या पुढे, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या एका गावात होतं. दोन खोल्या, वर कौलं, मागे चूल आणि चुलीच्या वर सुकटीची, वाळवलेल्या मासळीची, टोपली टांगलेली. तिचा वास आमच्या कपड्यांना, दप्तरांना, झोपेलाही असायचा. बा मिठागरावर कामाला होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ओढून त्याच्या पोटऱ्यांची कातडी चिरलेली होती. घरी आला की तो आधी पाय धुवायचा, मग आय तांदळाच्या भाकरीबरोबर खाडीतल्या निवटीचं नाहीतर जवळ्याचं कालवण वाढायची. सकाळी आय पेणच्या एका बाईसाठी पापड लाटायची. आमच्या घरात त्यामुळे लाटण्याचा ठेका आणि फडक्यातून पाणी गळण्याचा आवाज आलटून पालटून चालायचा. लाटणं थांबलं की समजायचं, मोरू तापला.

तो तापायचा म्हणजे खरोखर तापायचा. इतर पोरं उन्हात हुंदडून आली की त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ यायचे, गंजीफ्रॉक पाठीला चिकटायचा. मोरू मात्र कोरडाच. लाल व्हायचा, डोळे तारवटायचे, मग बडबडायला लागायचा. बाने पेणचे वैद्य केले, डॉक्टर केले, एका देवळात कौल लावला. कुणी ताप म्हणालं, कुणी उष्णता म्हणालं, कुणी पांढरी पुडी दिली. आयने स्वतःच शोधून काढलेला उपाय एकच होता, तो म्हणजे पाणी. आणि पाणी हीच आमच्या गावातली सगळ्यात अवघड वस्तू होती. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, लोकांना हे सांगायला नको. पावसाळा संपून दोनचार महिने झाले की तळ्याचा चिखल व्हायचा, आणि मग बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जायच्या, नाहीतर टँकरची वाट बघत बसायच्या. खाडीचं पाणी दाराशी होतं, पण त्यात मोरूला बुचकळलं की थोड्या वेळाने त्याच्या अंगावर मिठाचा पांढरा थर धरायचा, कातडी उलायची आणि तो ओरडत सुटायचा. त्यामुळे त्याला गोडं पाणीच लागायचं. आय विहिरीच्या दोन खेपा घरासाठी करायची आणि तिसरी मोरूसाठी.

ही तिसरी खेप गावाच्या डोळ्यांवर आली. एकदा टँकरच्या रांगेत मी आयच्या मागे घागर घेऊन उभी होते. शेजारची ताराकाकू, जिच्याकडे आम्ही पोरं रोज पडवीत खेळायचो, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आमच्या पोरांना प्यायला नाय, आन् ही बया पान्यानं पोर धुते.”

दोघीतिघींनी मान हलवली. आय रांगेतून हलली नाही. तिने हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, “तुज्या पोराला पानी आतून येतं, तारे. माज्याला मी बाहेरून घालतंय. तेवडाच फरक हाय.”

पुढच्या खेपेपासून बायका आयला सोडून जायला लागल्या. विहिरीच्या वाटेवर आय एकटी, आणि मागे मी.

मोरू शाळेत जायला लागल्यावर बाच्या मावसभावाचं लग्न निघालं. लग्न रोह्याला, वैशाखात. बा म्हणाला, मोरूला घेऊन येऊ नको. आय म्हणाली, मग मीही येत नाही. शेवटी सगळेच निघालो. आयने प्लास्टिकचा मोठा कॅन भरून घेतला, दोन जुनी लुगडी ओली करून पिशवीत कोंबली. मी नवा परकर घातला होता आणि तो ओल्या पिशवीला लागू नये म्हणून पेणच्या स्टँडपर्यंत कडेकडेने चालत होते. एसटी गच्च भरलेली. नागोठण्याच्या पुढे कुठेतरी गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, कंडक्टर उतरला, थोड्या वेळाने सगळे पुरुष उतरले आणि रस्त्याकडेच्या एकाच झाडाखाली उभे राहिले. आत पत्रा तापत होता. आयचा कॅन संपला. लुगडी वाळली. मोरू आधी रडला, मग चिडला, मग आयला चावायला धावला. एक म्हातारा म्हणाला, पोराला फिट येतेय, कांदा हुंगवा. कुणीतरी चप्पल पुढे केली.

आय खाली उतरून ड्रायव्हरकडे गेली. त्याच्या सीटखाली एक डबा होता. “बाई, ते रेडिएटरचं पानी हाय,” तो म्हणाला, “प्यायचं नाय ते.”

“प्यायला नको. वरून ओतायला दे.”

त्या माणसाने डबा तिच्या हातात दिला. गंजाच्या रंगाचं ते पाणी तिने मोरूच्या डोक्यावर ओतलं. त्यावर आम्ही रोह्यापर्यंत पोचलो, कारण गाडी कशीबशी सुरू झाली. पण रोहा जवळ आलं तसा मोरू गप्प झाला. रडणं थांबलं म्हणून गाडीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आय मात्र ताडकन उठून उभी राहिली. तिने त्याला खांद्यावर टाकलं, स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली, आणि समोर दिसेल त्याला विचारत सुटली, “नदी कुटं? नदी कुटं हाय?”

रोह्याची नदी, कुंडलिका, मे महिन्यातही वाहते. वरच्या धरणाचं पाणी तिच्यात सुटतं आणि ते गार असतं. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आय लग्नासाठी नेसलेल्या लुगड्यानिशी सरळ पाण्यात उतरली आणि गळ्याइतक्या पाण्यात मोरूला छातीशी धरून बसली. मी काठावर उभी, बा आहेराची पिशवी आणि ट्रंक घेऊन मागून धापा टाकत आलेला. काठावर एक मुसलमान बाई चादरी धूत होती. तिने हातातलं सोडलं, पाण्यात शिरली आणि आयला म्हणाली, “अगो, त्याचा डोका मागं कर. मान बुडू दे, नाक वर ठेव. अशी.” तिने आपली ओली चादर मोरूच्या डोक्याभोवती गुंडाळली आणि ओंजळीने त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिली. तिचं नाव हमीदाबी. तिचा नवरा कुवेतला होता आणि घरी दीर होता. त्याच दिराला तिने काठावरून हाका मारून बोलावलं आणि त्याच्या मोटरसायकलवर आय नि मोरू ओलेचिंब डॉक्टरकडे गेले. मी आणि बा मागून पळत. नंतर किती वर्षं आय हमीदाबीला पापड पाठवायची आणि हमीदाबी तिला सुकवलेल्या कोळंबीचे सोडे. दोघी पुन्हा फारशा भेटल्या नाहीत, पण एकमेकींच्या पोरांची खबर दोघींना असायची.

डॉक्टरीणबाई रोह्यात नवीनच आलेल्या. दवाखाना लहान, पण त्यांनी कूलर लावलेला होता. मोरूला सलाइन लागलं, बर्फाच्या पिशव्या काखेत ठेवल्या, आणि पुष्कळ वेळाने त्याने डोळे उघडून ‘बाय’ म्हणून मला हाक मारली. मग त्या खुर्ची ओढून आयसमोर बसल्या. त्यांनी मोरूचे दात पाहिले, केस पाहिले, भिंगातून त्याचे तळहात आणि बोटांची टोकं पाहिली. तिथे घामाची भोकं दिसतात. त्यांना ती दिसली नाहीत.

“याला घाम येतच नाही,” त्या म्हणाल्या.

“ते मला ठावं हाय,” आय म्हणाली. “का नाय येत, ते सांगा.”

दवाखान्याच्या पायरीवर सावलीत एक कुत्रा जीभ काढून धापत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बोट केलं. “तो बघा. त्याच्या अंगावर केसांची चादर आहे. घाम आला तरी केसांत अडकून राहील, वाळणार नाही. म्हणून तो जिभेने गार होतो. फार पूर्वी, माणूस माणूस व्हायच्या आधी, आपल्या अंगावरही तशीच केसांची चादर होती. मग आपले पूर्वज झाडी सोडून उघड्या माळावर आले. उन्हात लांबवर चालायचं, धावायचं. ज्यांच्या अंगावरचे केस जरा बारीक, आणि घाम जरा जास्त, ते उन्हात टिकले. त्यांची पोरं टिकली. असं होत होत केस इतके बारीक झाले की अंग उघडं पडलं. उघड्या कातडीवर घाम वाळतो आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी कसं गार होतं? तसंच. डोक्यावरचे केस तेवढे राहिले, कारण ऊन डोक्यावर पडतं.”

बा दारात उभा राहून ऐकत होता. आयने विचारलं, “म्हंजे आपन केस दिलं आन् घाम घेतला?”

“ठरवून कुणी दिलं-घेतलं नाही. होत गेलं. आणि हे असंच झालं याची शंभर टक्के खात्री अजून कुणालाच नाही. पण आम्ही शिकलो ते हे.”

“मग माज्या पोराचं केस बी गेलं आन् घाम बी नाय. त्याला काय मिळालं?”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, बाळ पोटात असताना केस, दात, घामाच्या ग्रंथी, हे सगळं कातडीच्या एकाच थरातून फुटतं. त्या थराला जो निरोप पोचायला हवा तो मोरूच्या बाबतीत पोचला नाही. हा दोष रक्तातून येतो. आईकडून येतो. आईला स्वतःला फारसं काही होत नाही, पण मुलग्यांना होतो, सगळ्यांना नाही, निम्म्यांना. मग त्यांनी सरळ विचारलं, “तुमच्या माहेरी असं कुणी होतं का?”

माझी आय माहेराविषयी कधी बोलत नसे. तिथे कुणी उरलेलंच नव्हतं, एवढंच आम्हाला माहीत. त्या दवाखान्यात, ओल्या लुगड्यात बसून, तिने पहिल्यांदा सांगितलं की तिला दोन भाऊ होते. दोघांना केस नव्हते. दोघेही लहानपणी वेगवेगळ्या उन्हाळ्यांत गेले. लोक म्हणाले ऊन लागलं. तिच्या आईला गावाने नाव ठेवलं होतं, ते नाव ती सांगू शकली नाही. “मला वाटलं होतं ती नजर हुती,” ती म्हणाली. “माज्या पोराला बगितलं तवा मला कळलं, नजर नाय.”

मी बाच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बाला काय वाटत होतं हे तोवर मला माहीत नव्हतं. पुढे त्यानेच सांगितलं. त्याला वाटायचं की हे त्याच्या मिठागरामुळे झालं, खाऱ्या पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाची पोरं अशीच होणार, मीठ त्याच्या रक्तात उतरलं. ते ओझं तो कुणाला न सांगता वाहत होता. आणि त्या दारात ते त्याच्या खांद्यावरून उतरलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती क्षणभरच दिसली, पण आयने ती पाहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. “तोंड उघड.” माझे दोन बाजूचे दात कधी आलेच नव्हते, त्याचं आम्हाला कुणाला काही वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, पाठीला घाम येतो का? आय म्हणाली, येतो, पण पट्ट्यापट्ट्यांनी, पोलकं मधेमधे कोरडं राहतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तो का ठेवला हे मला परतीच्या गाडीत समजलं. आय खिडकीबाहेर बघत होती आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

त्यानंतर आमच्या घरात कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. बा मिठागरावरून उशिरा यायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा, आणि बहुतेक वेळा परत आगरावरच्या झोपडीत झोपायला जायचा. आय पापड लाटायची, विहिरीवर जायची, मोरूला भिजवायची. तिचं वजन उतरलं. ही गोष्ट गावात कशी फुटली कोण जाणे, पण फुटली. ‘बाईकडून येतं’ एवढंच त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं. डॉक्टरीणबाई एवढा वेळ बोलल्या, कुत्र्याचं, उन्हाचं, माठाचं सांगितलं, त्यातलं काही कुणापर्यंत पोचलं नाही.

मी पुढे रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. दरवर्षी उत्क्रांतीचा धडा आला की एखादं पोरगं हात वर करून विचारायचंच, बाई, माणसाचे केस का गेले? मी सांगायचे, गेले नाहीत, बारीक झाले. हाताला बघा, लव आहे. थंडी वाजली की काटा येतो, तो त्याच जुन्या केसांना ताठ उभं करायचा शरीराचा प्रयत्न. मग उन्हाचं नि घामाचं सांगायचे. काही शास्त्रज्ञ म्हणतात उवा-पिसवांपासून सुटका व्हावी म्हणून, काही म्हणतात जोडीदाराला गुळगुळीत कातडी आवडत गेली म्हणून. पोरांना उवांचं कारण सगळ्यात पटायचं, वर्गात हशा व्हायचा. मी हशात सामील व्हायचे, पण फळ्याकडे वळायचे. एखाद्या वर्गात कधी न घामेजणारं मूल बसलेलं असेल, अशी मला सतत धास्ती असायची.

रोह्याच्या त्या लग्नाच्याच वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, मिठाच्या राशी झाकायचं काम चाललं होतं, तेव्हा मी बाला भाकरी घेऊन आगरावर गेले. बा बांधावर बसला. अंगातून घाम निथळत होता, हनुवटीवरून टपकत होता. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “वनू, त्या रोह्याच्या बाई काय बोलल्या, ते परत सांग.”

मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगितलं. माळ, ऊन, केस, माठ. तो मधे मधे थांबवून विचारायचा. एकाच पिढीत झालं का? नाही, पुष्कळ पिढ्या. आधी एकाचेच केस कमी झाले असतील? असेल, म्हटलं, कुणातरी एकापासून सुरू झालंच असेल.

भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून तो म्हणाला, “मग त्या पयल्याला बाकीचे काय बोलले असतील? सगळे केसाळ, आन् हा एकटा सोललेला.”

त्या रात्री बा घरी झोपायला आला.

नंतर आत्या आली. बाची मोठी बहीण, धरमतरच्या बाजूला दिलेली. ती आली की घरात चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, शिजायच्या, त्याही दिवशी शिजल्या होत्या. सगळे जेवायला बसलो. आय वाढत होती. आत्याने रस्सा ओरपता ओरपता, आय समोर असताना, बाला उद्देशून बोलायला सुरुवात केली. हिच्या माहेरच्यांनी फसवलं. दोन पोरगे असे गेलेले लपवून पोर आपल्या गळ्यात मारली. अजून तुझं वय गेलेलं नाही. हिला पोरांसकट कुठेतरी खोली बघून दे आणि नीट घरातली दुसरी कर. “ही पोर बी तशीच हाय म्हनं,” माझ्याकडे मान करून ती म्हणाली. “हिच्या पोटी बी तेच येनार. हिला कोन करनार?”

आयच्या हातातलं पातेलं हललं नाही. ती तशीच उभी राहिली, वाट बघत. कशाची, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मोरू भिंतीशी ओलं फडकं पांघरून बसला होता आणि चिंबोरीची नांगी टोकदार दातांनी फोडायचा प्रयत्न करत होता.

बाने पुढ्यातली नांगी घेतली, पाट्यावर ठेवून दगडाने फोडली, आतलं मांस काढून मोरूच्या ताटलीत ठेवलं. मग हात न धुताच आत्याकडे वळला.

“अक्का, तुज्या अंगावर केस हायेत?”

“काय बोलतोस रे?”

“नाय ना? माज्या बी नाय. कुनाच्याच नाय. त्या बाई बोलल्या, सगळ्या मानसांचं केस कवातरी गेलं. ते जायला लागलं तवा ते कुनाच्या तरी आयच्या पोटातूनच आलं असल. त्या आयला कुनी घराबाहेर काडली असती तर तू आन् मी आज हितं बसून चिंबोऱ्या खाल्ल्या नसत्या.”

“ते येगळं. त्यानं मानसाचं भलं झालं.”

“व्हय. आन् माज्या मोरूचं वाईट झालं. पन केलं दोन्ही कुनीच नाय.” मग हळू आवाजात म्हणाला, “इतकी वर्सं मला वाटत हुतं मीच केलं. आता तू तिला तेच वाटायला लावू नको.”

आत्या उरलेलं जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीने गेली आणि पुढे बरीच वर्षं आमच्याकडे आली नाही. आय त्या दुपारी चुलीशी पाठ करून बसली आणि मोठ्याने रडली, मी तिला तसं रडताना आधी कधी ऐकलं नव्हतं. बा पडवीत बसून राहिला. आत येऊन तिला जवळ घेईल असं मला वाटत होतं, पण तो तसला माणूस नव्हता. थोड्या वेळाने त्याने हंडा उचलला आणि दूरच्या विहिरीकडे निघाला. आमच्या गावात पुरुष पाण्याला जात नसत. ताराकाकूच्या पडवीतून सगळ्या बायका बघत होत्या.

पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही गाव सोडलं. हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यामागे, विहीर असलेल्या आवारात, बाने खोली घेतली. मिठागराचा माणूस आता शाडूच्या मातीच्या गोणी वाहायचा. त्याला ते काम कधीच आवडलं नाही. खाडीची भरती-ओहोटी बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि सुट्टीच्या दिवशी तो पेणला उतरून तिथून चालत बांधावर जाऊन बसायचा. पण कारखान्यात ओली माती होती. मोरू दिवसभर तिच्यात कोपरांपर्यंत हात घालून बसायचा, कधी अंगालाही फासून घ्यायचा, आणि कुणी त्याला हटकत नसे. तिथे सगळ्यांचीच अंगं मातीची. हळूहळू तो साचे भरायला शिकला, मग रंग, आणि मग आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, हे शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. आजही तो तेच करतो. त्याच्या खोलीत कूलर आहे, पाण्याचं पिंप आहे. पण हल्लीचे उन्हाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. वीज गेल्याची बातमी आली की मी आधी त्याला फोन लावते. त्याने उचलला नाही तर रिक्षा बघते.

माझं लग्न उशिरा झालं. मुलगा बघायला आला तेव्हा मी आत पोहे करत बसले नाही, बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं, दात दाखवले, मोरूला पुढे बसवलं. याआधी दोघे ऐकून परत गेले होते. हा गेला नाही. त्याचं घर रोह्यात, आणि तो बोलायला कमी. “मुलगी झाली तर काही प्रश्न नाही, मुलगा झाला तर बघू,” एवढंच तो म्हणाला. आणि मुलगा झाला. चैत्रात, ऐन उन्हात.

आय बाळंतपणाला आली. नवीन बाळाला सुरुवातीला फारसा घाम येत नसतो, हे मला माहीत होतं, मी शिकलेली होते. त्यामुळे काहीच सांगता येत नव्हतं, नुसती वाट बघायची. दुपारी बाळ पाजताना आय माझ्यासमोर बसायची आणि त्याच्या कपाळाकडे बघत राहायची. आम्ही दुसऱ्या सगळ्या गोष्टी बोलायचो, पापडाच्या भावापासून हमीदाबीच्या नातवापर्यंत, फक्त तेवढं सोडून. मी बाळाच्या डोक्याला हात लावायचे, गरम लागायचं, आणि लगेच काखेत थर्मामीटर धरायचे. आयने पुन्हा बादली नि फडकं काढून खाटेखाली ठेवलं होतं.

मोरू भाच्याला बघायला आला त्या दिवशी वारा पडलेला होता. तो एसटीने आला, खांद्यावर ओला टॉवेल, हातात पाण्याची बाटली. आधी नळाखाली डोकं धरलं, मग खाटेपाशी येऊन बसला. बाळ दूध पिता पिता दमलं होतं, लालबुंद झालं होतं. मोरू खाली वाकून बघत होता. आणि मग त्याने एक बोट पुढे केलं, बाळाच्या कपाळाच्या कडेला, केसांच्या मुळाशी टेकवलं, आणि माझ्यापुढे धरलं. बोटाचं टोक ओलं होतं.

“पानी हाय, बाय,” तो म्हणाला. “माज्या टॉवेलाचं नाय.”

मी बघितलं. वरच्या ओठावर बारीक बारीक थेंब जमले होते, नाकाच्या शेंड्यावर एक. आयने खाटेखालचं फडकं उचललं, ते काय करावं तिला कळेना, तिने ते स्वतःच्या तोंडावर दाबून धरलं आणि भिंतीला टेकून बसली. तिचे दोन भाऊ मी कधी पाहिले नव्हते, पण त्या क्षणी ती त्यांच्याजवळ होती, आमच्याजवळ नव्हती.

मोरू हसत होता. मग हसायचा थांबला. आपलं बोट बघत राहिला, दुसऱ्या हाताच्या कोरड्या मनगटावर त्याने ते फिरवलं. त्याचा चेहरा मला वाचता आला नाही, आजही येत नाही. वर न बघता त्याने विचारलं, “कसं वाटतं गो ते? घाम येतो तवा?”

आयुष्यभर घामावर वाचलं होतं, मुलांना त्याच्यावर शिकवत होते, पण तो येताना कसं वाटतं याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मग मी बाळाला खांद्यावर घेतलं, डोळे मिटले, माझ्या स्वतःच्या मानेवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे लक्ष दिलं, आणि जसं जाणवत गेलं तसं त्याला सांगत गेले. आधी टोचल्यासारखं होतं, मोरू. मग चिकट वाटतं, जरा नकोसंच. आणि मग कुठूनतरी बारीकशी झुळूक येते.

“आन् मग?” तो म्हणाला.